पिस्टन वाढला, हिशेब राहिला

मोटारसायकलीची प्रतिष्ठा आज 'सीसी' या दोन अक्षरांत मोजली जाते. शंभर सीसीची गाडी पोटापाण्यामागे धावणाऱ्याची, दीडशेची महाविद्यालयीन तरुणाची आणि साडेतीनशेची हौसेला मोल देणाऱ्याची, अशी एक उतरंडच रस्त्यावर रचली गेली आहे. या उतरंडीत वरच्या पायरीवर जाण्याची इच्छा असूनही ज्याचा खिसा साथ देत नाही, त्याच्यासमोर एक सोपा उपाय ठेवला जातो. सिलिंडर कातून रुंद करावयाचा, त्यात मोठा पिस्टन बसवावयाचा आणि खालच्या वर्गातील गाडीला वरच्या वर्गातील घनक्षमता मिळवून द्यावयाची. नव्या गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च थोडा, काम थोड्या दिवसांचे आणि बाहेरून पाहणाऱ्यास काही उमगत नाही. परंतु जे बाहेरून दिसत नाही त्याचा खर्च नसतो असे नाही. तो खर्च कोणता, तो कोण देतो आणि त्याबाबत कायद्याने काय करावयास हवे, हे प्रश्न यंत्रशास्त्राइतकेच अर्थव्यवहाराचे आणि सार्वजनिक सुरक्षिततेचे आहेत.

वर्गाचे गणित

यामागील गणित शालेय पुस्तकातले आहे. सिलिंडरचे घनफळ म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची. सिलिंडरचा आतील व्यास, ज्याला कारागीर 'बोअर' म्हणतात, तो वर्तुळ ठरवितो. आणि पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जितका सरकतो ते अंतर, म्हणजे 'स्ट्रोक', उंची ठरवितो. स्ट्रोक वाढवावयाचा तर क्रँक बदलावा लागतो आणि त्यासाठी सबंध इंजिन उकलावे लागते. व्यास वाढविण्यासाठी मात्र वरचा अर्धा भाग उघडला तरी पुष्कळदा भागते. शिवाय क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे थोड्या वाढीचे फळ मोठे मिळते.

'बुलेट'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली आणि जी साडेतीनशेची बुलेट पुढे भारतीय रस्त्यांवर रुळली, तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. घनक्षमता ३४६ सीसी. पाचशेच्या बुलेटचा स्ट्रोकही नेमका ९० मिलिमीटरच. फक्त व्यास ८४ मिलिमीटर आणि घनक्षमता ४९९ सीसी. व्यास वीस टक्क्यांनी वाढला आणि घनफळ चव्वेचाळीस टक्क्यांनी. १९८५ साली आलेल्या यामाहाच्या आरएक्स १०० या गाडीत व्यास व स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. पुढच्या आरएक्स १३५ मध्ये स्ट्रोक तोच, व्यास ५८ मिलिमीटर आणि घनक्षमता १३२ सीसी. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ साली पल्सर बाजारात आणली, तेव्हा दीडशेच्या गाडीचा व्यास ५७ आणि एकशेऐंशीच्या गाडीचा ६३.५ मिलिमीटर होता. स्ट्रोक दोहोंत ५६.४ मिलिमीटर. दोनशेच्या पल्सरमध्येही तोच स्ट्रोक कायम ठेवून व्यास ६७ मिलिमीटर करण्यात आला.

तात्पर्य, मोठा पिस्टन बसवून घनक्षमता वाढविणे ही काही गॅरेजवाल्यांची लपवालपवीची क्लृप्ती नव्हे. नामांकित कारखान्यांनी ती उघडपणे आणि यशस्वीपणे वापरली आहे. मग जे कारखान्याला शोभते ते गाडीच्या मालकाला का निषिद्ध असावे, असा प्रश्न तरुण वाचक विचारील तर तो गैर नाही. त्याचे उत्तर 'कायदा तसा आहे' एवढ्यावर संपत नाही.

कारखाना आणि गॅरेज

पहिला भेद असा की कारखाना एकटा पिस्टन वाढवीत नाही. रॉयल एन्फील्डने २०१३ साली कॉन्टिनेंटल जीटी ही गाडी आणली. तिच्या इंजिनाचा व्यास ८४ वरून ८७ मिलिमीटर करण्यात आला आणि ४९९ सीसीचे इंजिन ५३५ सीसीचे झाले. शक्ती २७.२ अश्वशक्तीवरून २९.१ वर गेली. म्हणजे सुमारे सात टक्के घनफळाच्या बदल्यात सुमारे सात टक्के शक्ती. या गाडीचा सांगाडा इंग्लंडमधील हॅरिस परफॉर्मन्सकडून नव्याने आखून घेण्यात आला होता आणि पुढच्या चाकाला ३०० मिलिमीटरची ब्रेम्बो डिस्क होती. मोठ्या पिस्टनभोवती संपूर्ण गाडीचा पुन्हा विचार झाला होता. गॅरेजमध्ये पिस्टन बदलतो. बाकीची गाडी बहुधा जशीच्या तशी राहते.

यातून काय घडते ते समजण्यास इंजीनियर असण्याची गरज नाही. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचा दाब पिस्टनच्या माथ्यावर पडतो. माथ्याचे क्षेत्रफळ चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढले, तर त्याच दाबाला कनेक्टिंग रॉडवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर येणारे बलही तितकेच वाढते. मोठा पिस्टन बहुधा जडही असतो. मिनिटाला हजारो वेळा त्याला थांबवून उलट फिरविण्याचे काम त्याच जुन्या रॉडला करावे लागते. इंजिनाचा तोल ज्या वजनासाठी साधलेला असतो ते वजनच बदलल्यामुळे कंप वाढतो. सिलिंडरची भिंत कातल्यामुळे पातळ होते. उष्णता अधिक निर्माण होते. मात्र ती बाहेर टाकणाऱ्या पाखांचा विस्तार पूर्वीइतकाच राहतो.

दाबाचे प्रमाण ही आणखी एक दुर्लक्षित बाब आहे. शंभर सीसीच्या एखाद्या इंजिनात मिश्रण नऊ पट दाबले जात असेल, तर पिस्टन वर गेल्यानंतर उरणारी पोकळी साडेबारा सीसीची असते. हेड तेच ठेवून घनफळ एकशेवीस सीसी केले, तर ती पोकळी साडेबारा सीसीचीच राहते आणि दाबाचे प्रमाण नऊवरून १०.६ वर जाते. साध्या पेट्रोलला हे सोसेलच याची खात्री नाही. मिश्रण अवेळी भडकू लागते आणि इंजिनात ठोके ऐकू येतात. कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला तर वाढलेल्या हवेला पेट्रोल अपुरे पडण्याचा संभव असतो, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. धावत्या गाडीचे मागचे चाक अशा वेळी एकाएकी जखडले जाते, ही गोष्ट अनुभवी मिस्त्री जाणतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतच वायूच्या खिडक्या असतात. कातल्यानंतर त्यांच्या कडा नीट मोडल्या नाहीत तर रिंगा तेथे अडकून तुटतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली आणि नव्या गाड्यांत इंधन मोजून देण्याचे काम संगणकीय नियंत्रकाकडे गेले. त्याची आखणी मूळ घनक्षमतेसाठी केलेली असते. सिलिंडर रुंद झाला हे त्याला कोणी कळविलेले नसते.

एवढे करून पदरात काय पडते? प्रवेग वाढतो, चढणीवर गाडी सहज जाते, मागे माणूस बसला तरी दम लागत नाही. हा लाभ खरा आहे. परंतु ज्या सर्वोच्च वेगासाठी तरुण हा खटाटोप करतो, तो वेग फारसा हाती लागत नाही. वेगाबरोबर हवेचा विरोध असा झपाट्याने वाढतो की वेग शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती वीस टक्क्यांनी वाढविली तर वेग जेमतेम सहा टक्क्यांनी वाढावयाचा; आणि झडपा व कार्बोरेटर तेच राहिले तर शक्तीही घनफळाइतकी वाढतेच असे नाही, कारण मोठ्या सिलिंडरला श्वास जुन्याच नाकाने घ्यावा लागतो.

दुरुस्तीची जुनी परंपरा

येथे एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. सिलिंडर कातून मोठा पिस्टन बसविणे हे या देशात प्रामुख्याने शौकाचे नव्हे, तर काटकसरीचे काम राहिले आहे. झिजलेला सिलिंडर लंबवर्तुळी होतो, रिंगांची पकड सुटते, गाडी ऑइल खाऊ लागते आणि निळा धूर सोडते. अशा वेळी सिलिंडर टाकून न देता तो कातून पुन्हा गोल करावयाचा आणि किंचित मोठा पिस्टन बसवावयाचा, ही रीत मोटारसायकलीइतकीच जुनी आहे. त्यासाठी पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अधिक व्यासाचे पिस्टन बाजारात रीतसर मिळत आले आहेत. 'इंजिन बोअरला टाकले' हा वाक्प्रचार मध्यमवर्गीय घरांना अपरिचित नाही. ज्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात एकाच वाहनाचे आयुष्य दोन-तीन बोअरिंगांवर ताणणे हा शिक्षकाचा आणि कारकुनाचा नित्याचा संसारधर्म होता.

या कामाने कारागिरांची एक पिढी घडविली. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून तालुक्याच्या गावातील एका लेथच्या दुकानापर्यंत मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत माप राखणारे हात तयार झाले, ते अशाच दुरुस्तीच्या कामातून. नव्या गाड्यांपैकी काहींच्या सिलिंडरला आतून कठीण लेप दिलेला असतो. ते साध्या पद्धतीने कातता येत नाहीत, बदलावेच लागतात. जे वाहन दुरुस्त करता येते ते मालकाच्या आणि देशाच्या दृष्टीने भांडवलाची बचत असते. म्हणून बोअरिंग या शब्दाकडेच संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. प्रश्न दुरुस्तीचा नाही. झिजेची भरपाई म्हणून कातलेला अर्धा मिलिमीटर आणि वरचा वर्ग गाठण्यासाठी कातलेले आठ मिलिमीटर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खर्च कोणाच्या माथी

अर्थशास्त्रात एक साधा नियम आहे. ज्या व्यवहाराचा सारा खर्च करणाऱ्यावरच पडतो, त्यात इतरांनी सहसा लुडबुड करू नये; पण ज्याचा काही भाग तिऱ्हाइताला सोसावा लागतो, त्यात समाजाला बोलण्याचा अधिकार पोहोचतो. इंजिन लवकर झिजले, पेट्रोल अधिक लागले, क्लचप्लेटा जळाल्या, तर तो मालकाचा खर्च आहे. परंतु तेथे हिशेब संपत नाही.

विम्याकडे पाहू. तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईसाठी प्रत्येक वाहनाला जो सक्तीचा विमा घ्यावा लागतो, त्याचा हप्ता सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये असा हप्ता होता. दीडशेच्या गाडीला एकशेऐंशीचा पिस्टन बसविणारा मालक खालच्या दराने हप्ता भरतो आणि वरच्या वर्गातील जोखीम रस्त्यावर आणतो. कारखान्यातून एकशेऐंशीचीच गाडी घेणारा सरळमार्गी ग्राहक मात्र जवळजवळ दुप्पट भरतो. विमा हा सामायिक निधी असतो. त्यात एकाने कमी घातले तर तूट इतरांच्या हप्त्यातून भरून निघते. शिवाय नोंदणीपुस्तकाशी न जुळणारे इंजिन अपघातानंतर उघडकीस आले, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला आयतेच कारण मिळते. काही शे रुपये वाचविणाऱ्या घराला हा धक्का फार महाग पडू शकतो.

करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरील मोटारसायकलींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आकारण्यात येऊ लागला. एका आकड्याच्या अलीकडे व पलीकडे बावीस टक्क्यांचे अंतर ठेवले, की अलीकडची गाडी घेऊन नंतर पलीकडे नेण्याचा मोह निर्माण होणारच. दोष केवळ मोह होणाऱ्याचा नाही. इतकी उंच भिंत एकाच मापावर उभारणाऱ्या धोरणाचाही त्यात वाटा आहे.

प्रदूषणाच्या तपासणीत तर हा बदल सापडण्याची शक्यता थोडीच. पेट्रोलच्या दुचाकीची नेहमीची चाचणी गाडी जागच्या जागी मंद गतीवर चालू ठेवून होते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहिले जाते. भर वेगात, चढणीवर, अधिक इंधन ओढताना तेच इंजिन काय सोडते हे त्या प्रमाणपत्रात उमटत नाही. तो धूर रस्त्याकडेच्या दुकानदाराच्या, वाहतूक पोलिसाच्या आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या वाट्याला येतो.

अपघाताचा मुद्दा सर्वांत गंभीर. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण ४४.५ टक्के होते. हे मृत्यू मोठ्या पिस्टनांमुळे झाले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाईट रस्ते, हेल्मेटचा अभाव आणि बेदरकार अवजड वाहने ही कारणे समोर आहेत. पण ज्या रस्त्यांवर आधीच इतकी जीवितहानी होते, तेथे ब्रेकच्या ताकदीपेक्षा इंजिनाची ताकद पुढे गेलेली वाहने वाढविणे शहाणपणाचे नव्हे. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, तर गाडीतील गतिज ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. ती शोषून घेण्याचे काम जुन्या गाडीच्या जुन्या ब्रेकला करावे लागते. मागे बसलेल्या माणसाला आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्याला या बदलाची कल्पनाही नसते, मग संमतीचा प्रश्नच कोठे येतो?

शेवटचा बोजा पडतो तो जुनी गाडी विकत घेणाऱ्यावर. वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, त्यामुळे चांगल्या गाडीलाही चांगला भाव मिळेनासा होतो, हे त्यांनी दाखविले. मोठा पिस्टन बसवून दोन वर्षे दामटलेली आणि मग मूळ पिस्टन घालून विकलेली गाडी हे त्याचेच उदाहरण आहे. क्रँकची झीज नोंदणीपुस्तकात लिहिलेली नसते.

कायद्याची ढोबळ रेषा

या साऱ्यावर कायद्याचे उत्तर संपूर्ण मनाई हे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आणि घनक्षमता हा त्या तपशिलाचाच भाग आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कठोरपणे वाचले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाबद्दल पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

हेतू योग्य आहे. पण रेषा ढोबळ आहे. पुन्हा बुलेटकडे वळू. तिचा ७० मिलिमीटरचा सिलिंडर झिजल्यामुळे पाव मिलिमीटर कातला, तर घनक्षमता ३४६ वरून सुमारे ३४९ सीसी होते. दुसऱ्या बोअरिंगला, म्हणजे अर्धा मिलिमीटर कातल्यावर, ती ३५१ सीसी होते. एक मिलिमीटरला ३५६. म्हणजे कोणताही शौक न करता, निव्वळ दुरुस्ती करून घेणाऱ्या मालकाची गाडी ३५० ची सीमा ओलांडते. आरएक्स १०० चा सिलिंडर एक मिलिमीटर कातला की ९८ सीसीची गाडी १०२ सीसीची होते. कागदावरचा आकडा हाच निकष अक्षरशः लावावयाचा, तर एक-दोनदा बोअर झालेल्या जुन्या बुलेटचा मालक संशयित ठरेल. उलट, बाहेरून काही दिसत नसल्यामुळे खरा अपराध करणारा सहसा सापडत नाही. जो कायदा प्रामाणिक माणसाला धाकात ठेवतो आणि लबाडाला हात लावू शकत नाही, त्याची पुनर्रचना आवश्यक ठरते.

उघड्या दाराची गरज

जपानमध्ये ५० सीसीच्या छोट्या दुचाकींना मोठा पिस्टन बसविण्याची हौस जुनी आहे. होंडाच्या मंकी या चिमुकल्या गाडीचा ३९ मिलिमीटरचा व्यास ५२ मिलिमीटर केला की ४९ सीसीचे इंजिन ८८ सीसीचे होते आणि त्यासाठी तयार संच मिळतात. तेथे असा बदल करणाऱ्याला स्थानिक कार्यालयात तो जाहीर करून वरच्या वर्गाची नोंदणी करून घेता येते. पांढरी पाटी जाऊन पिवळी लागते, कर वरच्या दराने भरावा लागतो आणि चालकाला वरच्या वर्गाचा परवाना लागतो. हौस करणाऱ्याने तिची किंमत उघडपणे मोजावी, हा त्यामागील विचार आहे.

भारतालाही हा विचार सर्वस्वी परका नाही. मोटारीला सीएनजीचा संच बसविणे हा इंजिनाच्या रचनेतील लहान बदल नव्हे. तरी मान्यताप्राप्त संच, अधिकृत कारागीर आणि नोंदणीपुस्तकात नोंद या तीन अटींवर तो कायदेशीर आहे. संचाची पारख करणाऱ्या मान्य संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. मग मोठ्या पिस्टनाच्या संचासाठी तशीच व्यवस्था का नसावी?

या दिशेने तीन पावले टाकता येतील. पहिले, दुरुस्तीसाठीच्या बोअरिंगला, समजा मूळ व्यासापेक्षा एक मिलिमीटरपर्यंत, नियमांत स्पष्ट सूट द्यावी आणि त्यामुळे वाढणाऱ्या सीसीने कराचा वा विम्याचा वर्ग बदलणार नाही असे जाहीर करावे. दुसरे, त्यापलीकडील बदल फक्त चाचणीतून उतरलेल्या संचानेच करता यावा. त्या संचात पिस्टन व सिलिंडर यांच्याबरोबर इंधनपुरवठ्याची दुरुस्ती आणि आवश्यक तेथे ब्रेकही समाविष्ट असावेत, आणि नोंदणीपुस्तकात नवी घनक्षमता लिहून फरकाचा कर व हप्ता वसूल व्हावा. तिसरे, बोअरिंग करणाऱ्या दुकानाने पावतीवर सिलिंडरचे जुने व नवे माप लिहून द्यावे. मोठ्या मापाच्या पिस्टनांच्या माथ्यावर वाढीचा आकडा कोरलेला असतोच. तो कागदावर आला की विमा कंपनीला, पुढच्या ग्राहकाला आणि न्यायालयालाही आधार मिळेल. ज्यांना या मर्यादेबाहेर जाऊन इंजिनाची परीक्षा पाहावयाची असेल, त्यांची जागा शर्यतीच्या मैदानावर आहे, बाजारपेठेच्या रस्त्यावर नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. परिवहन कार्यालयांतील गर्दी आणि दलालांचा सुळसुळाट पाहता आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक चिरीमिरी, असे लोक म्हणतील. ही भीती निराधार नाही. परंतु आजची मनाई लाचेपासून मुक्त आहे असे कोणी मानण्याचे कारण नाही. ज्या गुन्ह्याला सुटकेचा कायदेशीर मार्गच नाही, तेथे तडजोड रस्त्यातच होते. दुसरा आक्षेप असा की इतक्या थोड्या लोकांच्या हौसेसाठी इतका व्याप कशाला? त्याचे उत्तर असे की हा व्याप हौशी लोकांसाठी नाही. तो त्यांच्या मागे बसणाऱ्या, समोर येणाऱ्या आणि त्यांची गाडी पुढे विकत घेणाऱ्या माणसांसाठी आहे.

दूरदृष्टीने पाहता 'सीसी' हे मापच फार काळ पुरेसे राहणार नाही. विजेच्या दुचाकीला सीसी नसतो. तिची शक्ती किलोवॅटमध्येच मोजावी लागते. जपाननेही १ एप्रिल २०२५ पासून छोट्या दुचाकींच्या परवान्यात १२५ सीसीपर्यंतची, पण शक्ती ४ किलोवॅटपर्यंतच मर्यादित ठेवलेली वाहने सामावून घेतली. आपल्याकडे अजून ५० सीसीचा आकडा सोळा वर्षांच्या मुलाचा परवाना ठरवितो, १५० चा आकडा हप्ता आणि ३५० चा आकडा कर. सिलिंडरच्या पोकळीऐवजी प्रत्यक्ष शक्ती हे माप धरले, तर पोकळी लपवून सवलत मिळविण्याचे प्रयोजनच पुष्कळसे नाहीसे होईल.

तोपर्यंत तरुणांना एवढेच सांगता येईल की मोठ्या पिस्टनाने मिळणारी शक्ती फुकट नसते. तिची किंमत क्रँक, बेअरिंग आणि ब्रेक देतात आणि ते देऊ शकले नाहीत तर माणसे देतात. आणि शासनाला सांगावयाचे ते असे, की झिजलेले इंजिन पुन्हा उभे करणाऱ्या कारागिराला आणि गाडीची जात लपवून बदलणाऱ्याला एकाच कलमाखाली बसवू नये. पहिल्याला निर्धास्तपणे काम करता यावे. दुसऱ्याला आपला बदल चारचौघांत सांगून, तपासून घेऊन आणि त्याचे मोल भरून करता यावा. ज्याला यांपैकी काहीच करावयाचे नाही, त्याच्याविरुद्ध मग कायद्याने बोट उचलले तर त्या बोटाला अर्थ राहील.